साडेपाच मजले

दुपारी बँकेतून परत येताना पाहिलं, कोपऱ्यावरच्या शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर एक मुलगा राजवाडा रंगवत होता. मी थांबलो. राजवाड्याचं चित्र दिसलं की मी मजले मोजतो. खोड जुनी आहे, घरात आता तिच्यावर कोणी हसतही नाही. आमच्या इंदूरचा, होळकरांचा खरा राजवाडा सात मजली, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी. भिंतींवरचा मात्र कधी पाच, कधी सहा. एका पुलाखाली तर तीन मजले झाले की लगेच झेंडा. या मुलाचे साडेपाच भरले. सहाव्या मजल्याच्या खिडक्या जेमतेम अर्ध्या आल्या आणि भिंतच संपली. वर काचांचे तुकडे रोवलेले.

“सात होते हैं,” मी म्हटलं.

“अंकलजी, दीवार ही इत्ती है,” तो न वळता म्हणाला.

यावर काय बोलणार? इतिहासाची एवढी बखर, पण तिची उंची ठरवून गेला कुंपण घालणारा ठेकेदार.

2017 मध्ये इंदूर स्वच्छतेच्या सर्वेक्षणात देशात पहिलं आलं आणि मग आम्हाला त्या नंबराची सवयच लागली. भिंत कोरी दिसली की रंगवायची. पूर्वी जिन्याच्या कोपऱ्यात लोकांनी थुंकू नये म्हणून देवांच्या टाइल्स लावत, आता ते काम इतिहासाकडे आलंय. म्हणून मग पांढऱ्या साडीतल्या, हातात पिंड घेतलेल्या अहिल्यामाता आणि त्यांच्या मागे हटकून राजवाडा. बाईंनी सगळा कारभार महेश्वरहून केला, 1795 मध्ये तिथेच गेल्या. इंदूर राजधानी झालं ते मंदसौरच्या तहानंतर, 1818 मध्ये. हे मी एकदा अशाच एका पेंटरला समजावून सांगायला लागलो तर बायकोने हात धरून पुढे नेलं. पुढच्या खांबावर कर्नल सी. के. नायडू षटकार मारत होते आणि त्याच्या पुढच्यावर लतादीदी माईकसमोर उभ्या. त्या इथल्याच, 1929 चा जन्म. फक्त त्या शेजारच्या जोशीकाकूंसारख्या दिसत होत्या. गंमत म्हणजे याच शहरात देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली चित्रकार बेंद्रे शिकले, काही काळ हुसेनही शिकले. पण या भिंतींवर मला चित्रकार काही कोणी भेटला नाही.

माझ्या हातात भिंत दिली तर मी उंदीर काढीन. भला मोठा, मिशांसकट.

पॅट्रिक गेडीस नावाच्या दाढीवाल्या स्कॉटिश प्रोफेसरांना पहिल्या महायुद्धाच्या काळात होळकर दरबारने शहराचा आराखडा करायला बोलावलं होतं. शहरात प्लेग. गेडीस गल्लीबोळ पायी हिंडत, आणि लोक त्यांच्याकडे संशयाने बघत, हा आता कोणाचं घर पाडणार म्हणून. तेव्हा त्यांनी महाराजांकडून एका दिवसाचं राज्य मागून घेतलं आणि जाहीर केलं की यंदा दिवाळीची मिरवणूक ठरलेल्या रस्त्याने जाणार नाही. जिथली घरं साफसूफ आणि रंगवलेली असतील त्या रस्त्यांनी जाणार. मग काय! इंदूरच्या माणसाला आपल्या दारावरून मिरवणूक न जाणं परवडेल का? घरोघरचा वर्षानुवर्षांचा कचरा गाड्या भरभरून निघाला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अजस्र उंदीर होता, आणि पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, हार घातलेले शहराचे झाडूवाले होते. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले. अहवालाचे दोन खंड 1918 मध्ये छापून निघाले. ते किती जणांनी वाचले असतील देव जाणे, पण उंदीर साऱ्या शहराने पाहिला असणार.

हे मी त्या मुलाला थोडक्यात सांगितलं.

“चूहा?” आता मात्र तो वळला. “सर्वेवाले आने वाले हैं अंकलजी. नंबर कटवाओगे क्या?”

मिरवणुकीचं वेड तेव्हाही होतं, पुढेही राहिलं. आमच्या लहानपणी अनंत चतुर्दशीला बाबा आम्हाला संध्याकाळीच जेल रोडला घेऊन जायचे. कोणातरी ओळखीच्याचा ओटला, त्यावर सतरंजी, आईने बांधून दिलेल्या पुऱ्या. झांक्या, म्हणजे गाड्यांवरचे हलते देखावे, यायला मध्यरात्र उलटायची. आधी आखाडे, बनेठी फिरवणारी पोरं, मग हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी अशा एकेका कापड मिलच्या गाड्या दिव्यांनी लखलखत यायच्या. एका वर्षी कृष्ण गोवर्धन उचलत होता. हात वर, हात खाली, पुन्हा वर. गाडी आमच्यापुढे सरकली आणि मला तिची मागची बाजू दिसली. बांबू, तरट, जनरेटरचा धूर, आणि दोन पायांवर बसलेला बनियनमधला एक माणूस. मोटर बंद पडली असावी. तो दोरी ओढत होता, सोडत होता, आणि ओठांच्या कोपऱ्यात बिडी. त्याने माझ्याकडे बघून डोळा मारला. त्यानंतर कितीतरी वर्षं मी प्रत्येक झांकी मागूनच बघितली. भिंतीवरच्या चित्रांना तेवढी सोय नसते. मागे गेलात तर शाळेची मुतारी.

त्या पाचही मिलचे भोंगे आता बंद आहेत. हुकुमचंद मिल नव्वदीच्या सुरुवातीलाच बंद पडली आणि कामगारांच्या हक्काचे पैसे अडकले ते अडकलेच. कोर्ट, मोर्चे, पुन्हा कोर्ट. अखेर 2023 च्या डिसेंबरात सुमारे 4,800 कामगारांच्या नावे 224 कोटी रुपये सुटले. तोवर त्यांतले पुष्कळजण गेलेले, रांगेत त्यांच्या बायका आणि मुलं.

आणि या साऱ्या काळात मिलच्या झांक्या निघतच होत्या. वर्गणी काढून, इकडून तिकडून मदत मागून, जुन्याच सांगाड्यांना नवा रंग देऊन. मिलला कुलूप, पैसे अडकलेले, पण चतुर्दशीला गोवर्धन वेळेवर. काय म्हणावं या लोकांना!