काकूंच्या तीन पायऱ्या

सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपरिषदेच्या गावात माझं दुचाकीचं गॅरेज आहे. 2025 च्या निवडणुकीत मी नगरसेवकपदासाठी अपक्ष उभा होतो. चिन्ह मिळालं 26 नोव्हेंबरला, मतदान 2 डिसेंबरला. मधले पाच दिवस प्रचार, आणि गॅरेजही बंद ठेवून चालत नाही.

29 तारखेला, शनिवारी, सकाळी एका गाडीच्या क्लचप्लेट बदलून हात धुतले आणि चौघांना घेऊन देवळामागच्या उतारावर निघालो.

त्या उतारावर मी लहानाचा मोठा झालो. 1989 साली मी अकरा वर्षांचा होतो, आणि तिथं नुकतंच पहिलं डांबर पडलं होतं. स्केटबोर्ड आम्ही कुणी हातात धरलेला नव्हता. आमची असायची बेअरिंगची गाडी. गॅरेजात बाद झालेली 6203 नंबरची बेअरिंगं मागून आणायची आणि रॉकेलमध्ये बुडवून फिरती करायची. मागं दोन, पुढं एक, वर खोक्याची फळी. पुढची आडवी पट्टी पायानं वळवायची, ब्रेक म्हणून चपलेची टाच. सुटली की असा खर्रर्र आवाज व्हायचा की माणसं जेवणावरून उठून दारात यायची. अंधार पडल्यावर बेअरिंगखाली ठिणग्या दिसायच्या. मी पुढं मेकॅनिक झालो तो त्या बेअरिंगांमुळंच.

एकदा वळण चुकलं आणि गाडी काकूंच्या खालच्या पायरीवर आदळली. काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या होत्या. खालच्या पायरीच्या कोपऱ्याचा टवका उडाला, माझी हनुवटी फुटली. काकूंनी आधी हळद दाबली, मग आईकडं तक्रार नेली.

आता काकू ऐंशीच्या पुढं आहेत. दारात बसल्या होत्या. मी पत्रक दिलं आणि पहिलं आश्वासन वाचून दाखवलं: ‘देवळामागील रस्त्याचे नव्याने डांबरीकरण’. त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

‘‘आनि येक थर? नको रं लेकरा. माझं घर पार खाली गेलं.’’

मी खाली पाहिलं. टवका उडालेली पायरी नव्हती. तिच्या वरचीही नव्हती. तिसरीचा अर्धा दगड रस्त्याच्या वर होता, त्यावर काकूंच्या चपला. या रस्त्यावरून मी रोज गाडी नेतो, पण छत्तीस वर्षांत त्या पायऱ्यांकडं माझं लक्ष गेलं नव्हतं.

गॅरेजातून टेप मागवला. उरलेली पायरी तीन इंच भरली. एकेक पायरी सहा इंचांची, म्हणजे रस्ता पंधरा इंच वर आला होता. आधी डांबर, त्यावर पुन्हा डांबर, मध्ये एकदा खडी टाकून काँक्रीट, मग परत डांबर. जुना थर कुणी खरवडून काढलाच नाही. पावसाळ्यात वरच्या आळीचं सगळं पाणी उतारानं येतं आणि तीन इंच चढून घरात शिरतं. काकू उंबऱ्यावर मातीची पोती रचतात. या वयात, एकट्या.

बरोबरचा एकजण बांधकामावर सुपरवायझर आहे. तो म्हणाला, ‘‘आपल्याकडच्या गल्ल्यांच्या एस्टिमेटमध्ये खरवडायचा आयटमच धरत नाहीत, दादा. आयटम नाही म्हटल्यावर पैसे नाहीत, मग कोण करणार?’’

पुढं प्रचार झाला नाही. आम्ही खालपर्यंत अकरा घरांचे उंबरे मोजले. मी टेप धरायचो, तो गॅरेजच्या वहीत आकडे लिहायचा. सात घरांचा उंबरा रस्त्यापासून चार इंचांच्या आत होता. दोन घरांत रस्ताच उंबऱ्याच्या वर होता, आत जायला एक पाय खाली टाकावा लागतो. त्यातल्या एका घरी नुकतंच बाळंतपण झालेलं, भिंतीला कमरेपर्यंत ओल, आणि बाळाचा पाळणा त्याच भिंतीला टेकलेला. तिथं मला पत्रक पुढं करवेना.

मित्र चिडले. शनिवार म्हणजे माणसं घरी भेटायचा दिवस, आणि आपण मोजमाप करत बसलोय, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं चुकत नव्हतं. पण जे काम मी लोकांना छापून देत होतो, त्यानं त्या घरांत आणखी पाणी गेलं असतं.

रात्री गॅरेजात चारशे पत्रकं शिल्लक होती. बायको, मी आणि थोरली मुलगी बसलो, प्रत्येक पत्रकावरची पहिली ओळ पेनानं खोडली आणि वर लिहिलं: ‘आधी जुना थर खरवडणार, मगच डांबर.’ मुलीचं अक्षर चांगलं आहे, तिनं सर्वांत जास्त लिहिली.

मतमोजणी 21 डिसेंबरला झाली. मी पडलो. दोन दिवसांनी वही घेऊन निवडून आलेल्या नगरसेवकांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, पानं उलटली, अकरा घरांचे आकडे वाचले आणि चपला घालून माझ्याबरोबर निघाले. काकूंच्या दारात टेप त्यांनी माझ्याकडून घेतला, गुडघ्यावर बसून स्वतः लावला आणि मोठ्यानं वाचला, ‘‘तीन इंच.’’ काकू म्हणाल्या, ‘‘पावसाच्या आधी बघा.’’