आबांच्या वहीतलं कापलेलं पान

गेल्या महिन्यात उमरग्याला गेले होते. दुकान आता काका चालवतात. त्यांनी माळ्यावरून एक वही काढली, धूळ झटकली आणि माझ्या हातात दिली. लांबट, लाल कापडाच्या बांधणीची, एका कडेला उंदरांनी कुरतडलेली. "तुला असलं जपायची आवड हाय, तूच ठेव," म्हणाले. १९९३ सालची उधारीची वही. आबा, म्हणजे माझे आजोबा, जाऊन वर्ष झालं, आणि त्यांचं अक्षर असं अचानक समोर आलं. बारीक, उजवीकडे झुकलेलं, 'गूळ'मधला ळ नेहमी मोठा.

आमचं किराणा दुकान सोलापूर-हैदराबाद रस्त्यापासून आत, बाजारपेठेत. आबांचे वडील गेले तेव्हा ते सातवीत होते. शाळा तिथेच सुटली. तेराव्या वर्षी तागडी हातात आली, ती पुढं सत्तर वर्षं सुटली नाही. तीन बहिणींची लग्नं केली, दोन भावांना शिकवलं आणि मगच स्वतः बोहल्यावर चढले. त्या काळच्या मानानं फार उशिरा. मागच्या पडवीत आजी सुपात डाळ पाखडत बसायची. "खडा लागला तर गिऱ्हाईक मला नाही, तुला शिव्या देईल," असं आबा तिला चिडवायचे. पण दुपारी तिच्यासाठी चहा स्वतः करायचे, रोज.

रद्दीचं एक सांगायलाच हवं. तेव्हा सगळं कागदाच्या पुड्यात बांधून द्यायचे. छताला दोऱ्याचं रीळ टांगलेलं असे. आबा डाव्या हातानं कागदाचा कोन वळायचे, उजव्यानं माल ओतायचे, दोरा ओढून दोन वेढे द्यायचे आणि बोटाच्या एका झटक्यानं तोडायचे. मला ते आजवर जमलेलं नाही. पण रद्दीत शाळेचं पुस्तक आलं, की त्याचं पान कधी फाडायचे नाहीत. बाजूला फळीवर इयत्तेप्रमाणे रचून ठेवायचे. जूनमध्ये शाळा उघडली की पोरं यायची. "अण्णा, सहावीचं गणित हाय का?" गावभर त्यांना अण्णाच म्हणत. असलं तर द्यायचे, आणि वर सांगायचे, "पुढच्या साली आणून दे बरं का. कव्हर घाल." किती पोरं त्या फळीवर शिकली, मोजलेलं नाही कुणी.

भवानी व्हायच्या आधी उधार द्यायचं नाही, हा व्यापाऱ्यांचा शिरस्ता. आबाही पाळायचे. पण सकाळी सकाळी एखादं लहान पोर साखर-पत्ती मागायला आलं तर त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलेलं मी पाहिलं नाही.

आता वहीबद्दल.

त्या साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक उशिरा घरी आले, झोपले, आणि ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. मी नऊ वर्षांची होते. आमचं घर हललं, भांडी पडली, आम्ही सगळे रस्त्यावर. सकाळ होता होता बातम्या येऊ लागल्या. किल्लारी गेलं, सास्तूर गेलं. त्या भागातली घरं दगड-मातीची, जाड भिंतींची, वर मातीचं माळवद. झोपलेल्या माणसांवर तेच आलं. जवळपास ८ हजार माणसं गेली.

आबांनी उजाडताच दुकान उघडलं. काका तांदळाची पोती टेम्पोत टाकायला लागले तर आबा ओरडले, "तांदूळ कशाला? चूल कुठं ऱ्हायली तिथं?" मग चुरमुरे, फुटाणे, गूळ, बिस्किटांचे पुडे, मेणबत्त्या, काड्यापेट्या, सुतळीचे गुंडे. शेवटी क्षणभर थांबून त्यांनी कापराचे सगळे डबे स्वतः उचलून ठेवले. आजीनं ते पाहिलं आणि ती आत निघून गेली. मला तेव्हा कळलं नाही. पुढं पाऊस लागला, तरी आठवडाभर आबा रोज जात होते. रात्री अंगणात आमच्या शेजारी गोधडीवर पडायचे, पण झोपत नसत.

सास्तूरकडच्या बारा घरांची खाती आमच्याकडे होती. बाजाराला आले की माल न्यायचे, तूर विकली की हिशोब भागवायचे. आता मदत वारसांना द्यायची तर कुठल्या घरात कोण कोण होतं, हे सांगायला लागे, आणि रेशनकार्डं ढिगाऱ्याखाली. आबा ही वही घेऊन गेले. माल कोण घेऊन गेलं ते ते नेहमी लिहायचे: 'हस्ते थोरली सून', 'हस्ते धाकटा'. एका घरात श्रावणात डिंक, खारीक, हळीव, बाळंतशोप नेल्याची नोंद होती. आबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "या घरात तान्हं लेकरू होतं. दीड महिन्याचं. यादीत घ्या." त्या बाळाचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. यादीवाल्यांनी लिहून घेतलं. हे मला काकांनी सांगितलं, ते सोबत होते. आबा स्वतः यावर कधी बोलले नाहीत.

ती बारा खाती त्यांनी पुढं कधी मांडली नाहीत. तळाला बेरीजच नाही.

पाच-सहा वर्षांनी एक मुलगा दुकानात आला. विशीचा असेल. भूकंपाच्या रात्री तो शिकायला लातूरला होता, म्हणून वाचला. "अण्णा, आमची बाकी किती ऱ्हायली?" आबा म्हणाले, "बस आधी, पाणी पी." पण तो उभाच. मग आबांनी वही काढली, त्या पानाची पहिल्यांदाच बेरीज केली आणि सांगितलं, "एकशे पंच्याऐंशी रुपये." त्यानं नोटा मोजून दिल्या, आबांनी घेतल्या. मी शाळेच्या गणवेशात तिथंच उभी होते, मला इतका राग आला! अशा पोराचे पैसे घेतात? मी रात्री जेवले नाही. आजी एवढंच म्हणाली, "त्याला कुणाचं देणं नको हुतं गं. बापाचं नाव हाय त्यात."

पैसे दिल्यावर त्यानं विचारलं, "मी बघू का जरा?" आणि तो पोत्यावर बसून ते पान वाचायला लागला. हळूहळू, ओठ हलवत. साबुदाणा अर्धा किलो, हस्ते आई. खोबरेल तेल, हस्ते ताई. शेवटची नोंद २८ सप्टेंबरची: खोबरं पाव किलो, गूळ १ किलो, कापूर १ पुडी. विसर्जनाच्या प्रसादाचं सामान. दुकानात गिऱ्हाईकं होती, पण आबांनी कुणाला काही विचारलं नाही, तागडीला हात लावला नाही. गिऱ्हाईकंही थांबली.

वहीचं पान फाडायचं नाही, हे आम्हा नातवंडांना कडक सांगितलेलं. त्या दिवशी आबांनी गल्ल्यातून ब्लेड काढलं, पट्टी धरली आणि ते पान कापून त्याच्या हातात दिलं.

परवा मी वही चाळली तेव्हा ती जागा सापडली. बोटभर रुंदीची पट्टी शिलाईत अडकून राहिलीय. त्यावर आबांच्या अक्षरात उभं लिहिलंय, 'जमा. पान मुलास दिले.'