ट्रोल आगीनेच मरू दे, पण आग महाग करा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या भूमिका-खेळात ट्रोल, म्हणजे आगीशिवाय सहज न मरणारा राक्षस, दिसला की नवखा खेळाडूसुद्धा मशाल काढतो. नजरेने दगड करणारी मेडुसा म्हटलं की आरसा. यात गुपित काही उरलेलं नाही, आणि त्यावर बरेच डीएम (खेळ चालवणारे) जो उपाय करतात तो सगळ्यात वाईट: कमजोरीच बदलून टाकायची. ‘आमच्या जगात ट्रोल थंडीने मरतो.’ ज्याने मुद्दाम फायर बोल्ट हा आगीचा मंत्र घेतला त्याची निवड वाया जाते, आणि थंडीकडे बोट दाखवणारी एकही खूण नसल्यामुळे बाकीचे एकेक प्रकारचं डॅमेज मारून बघत बसतात. याला कोडं म्हणत नाहीत, चाचपडणं म्हणतात. कमजोरी आहे तशीच राहू द्या. ती वापरायची किंमत वाढवा.

डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीतला (२०१४) ट्रोल घ्या. ८४ एचपी (जीव), एसी १५ (त्याला घाव लागायला गाठायचा आकडा), दर टर्नच्या सुरुवातीला १० एचपी परत, हेच त्याचं रीजनरेशन. ऐकायला भयंकर. पण पार्टी (खेळाडूंची तुकडी) राउंडला साधारण ३५ डॅमेज करत असेल तर तो तिसऱ्या राउंडमध्ये आडवा होतो, आणि तोवर त्याने भरून काढलेले असतात जेमतेम २०. त्याचा खरा दम रीजनरेशनच्या नियमातल्या शेवटच्या वाक्यात आहे: शून्य एचपीवर टर्न सुरू झाली आणि तेव्हा रीजनरेशन झालं नाही, तरच तो मरतो. म्हणजे रीजनरेशन रोखणारी आग (किंवा ॲसिड) लढाईभर लागत नाही, शेवटचा घाव बसल्यावर लागते.

तेव्हा नेमका तोच क्षण अवघड होईल अशी जागा निवडा. उदाहरणार्थ, पिठाच्या धुळीने भरलेलं तळघर. आत ज्योत पेटली की २० फुटांच्या त्रिज्येत सगळ्यांना डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईने वाचण्यासाठी फासा), डीसी १३ (फाशावर गाठायचा आकडा), नापास झाल्यास ४डी६ (सहा बाजूंचे चार फासे) फायर डॅमेज, पास झाल्यास अर्धं. मात्र आत शिरतानाच हवेतली धूळ आणि जुन्या स्फोटात काळी पडलेली भिंत स्पष्ट सांगा. हे लपवलंत तर तो सापळा होतो आणि खेळाडू चिडतात, ते योग्यच. सांगितलंत तर ते ट्रोलला बाहेर ओढायचा विचार करू लागतात. त्याचं नाक तीक्ष्ण असतं, म्हणून रक्ताने भिजलेलं कापड आमिष म्हणून चालू द्या.

पाणी आणलं की आग संपली, असं मात्र समजू नका. पूर्ण बुडालेल्याला फायर रेझिस्टन्स मिळतो, पण अर्धं डॅमेजही डॅमेजच, रीजनरेशन थांबतंच. मशालीचा १ पॉइंट तेवढा अर्धा होऊन शून्यावर येतो. (पाण्याखाली मशाल पेटलेली कशी, हे ज्याचं त्याने ठरवावं.)

मेडुसाच्या बाबतीत किंमत त्याच आवृत्तीच्या नियमातच लिहिलेली आहे, लोक वाचत नाहीत एवढंच. आरसा चालण्यासाठी प्रतिबिंब ३० फुटांच्या आत हवं, आणि तेही लख्ख उजेडात. तिला अंधारात ६० फुटांपर्यंत दिसतं, मग तिने दिवे का लावून ठेवावेत? गुहा काळोखी करा. मशालीचा लख्ख उजेड २० फूटच पोचतो. म्हणजे कुणीतरी एका हातात मशाल, दुसऱ्यात आरसा घेऊन, ढाल सोडून, तिच्या नजरेच्या टप्प्यात जायचं. एवढं पुरे, तिच्या सेव्हचा डीसी १४ आणखी चढवू नका. पाच किंवा जास्तने चुकलेला जागीच दगड होतो, आणि त्याला परत आणणारा ग्रेटर रेस्टोरेशन हा मंत्र क्लेरिकला (पुजारी पात्राला) नवव्या लेव्हलला मिळतो. त्याआधीच्या पार्टीसाठी गुहेतच उतारा देणारी एखादी कुपी ठेवा, नाहीतर एक खेळाडू उरलेलं सेशन मोबाइल चाळण्यात घालवेल.

जिलेटिनस क्यूबची, म्हणजे माणसं गिळणाऱ्या पारदर्शक जेलीच्या ठोकळ्याची, अडचण वेगळी: चाल फक्त १५ फूट, त्यामुळे कुणीही चालत निघून जातं. त्याला पाठलागावर पाठवू नका. पुढच्या दाराची किल्ली त्याच्या पोटात ठेवा. गिळलेल्या माणसाला ओढून काढायला डीसी १२ स्ट्रेंग्थ चेक आणि हात घालणाऱ्याला ३डी६ ॲसिड डॅमेज लागतं. तोच नियम किल्लीलाही लावा. हवेत अधांतरी किल्ली दिसली की अनुभवी खेळाडू क्यूब ओळखणारच, ओळखू द्या. हात कोण घालणार, हे तरीही ठरवावं लागतं.