१८१९ चं पुस्तक आणि आमचा ग्रंथपालांचा ग्रुप

आमच्या ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी काय चालतं ते वेगळं सांगायला नको. सुप्रभात, अनुदानाचा हप्ता कधी, कोणाला जुने लोखंडी रॅक हवेत का, आणि १२ ऑगस्टला, म्हणजे जयंतीला, आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचा फोटो. पण गेल्या पावसाळ्यात एक दिवस हाच ग्रुप असा पेटला की माझा डबा संध्याकाळी तसाच घरी गेला.

झालं असं की इतिहासात पीएचडी करणारी एक मुलगी आली, जुने घरगुती औषधोपचार असा काहीतरी विषय. आमची लायब्ररी पेठेतली, जुनी, त्यामुळे अशी मंडळी येतात. तिने ओपॅकवर (आमच्या कॉम्प्युटरवरच्या पुस्तकयादीत) प्रकाशनस्थळ पुणे टाकलं, जुनं आधी असं लावलं, आणि पहिलंच रेकॉर्ड आलं १८१९ चं. "मॅडम, हे खरंच आहे तुमच्याकडे?" आवाज एवढा चढलेला की वाचनकक्षातल्या आजोबांनी पेपर खाली केला.

मामांनी कपाटातून पुस्तक काढलं. पातळसं, कसर लागलेलं, मुखपृष्ठाचा खालचा कोपरा गेलेला. 'पुणें' वाचता येत होतं, मग भोक, मग १८१९. पानाच्या मागच्या बाजूला कोणीतरी कधीतरी बटर पेपर चिकटवलेला, तो आता चहासारखा झालेला.

मला लगेच शंका आली. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं नोव्हेंबर १८१७ मध्ये, पेशवाई संपली १८१८ ला, आणि १८१९ ला पुण्यात कोण छापत बसलं होतं औषधांची पुस्तकं? पुण्यातलं ज्ञानप्रकाश हे वर्तमानपत्रसुद्धा १८४९ चं. पण शंका असणं वेगळं आणि हातातल्या पुस्तकावर आकडा दिसणं वेगळं, म्हणून फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं 'साल बरोबर वाटत नाही, कोणाला काही सुचतंय का'.

पुढचा तासभर नुसता धुरळा. अभिनंदनं, टाळ्या, 'पुण्याचा अभिमान', 'ताबडतोब स्कॅन करा', 'ताबडतोब लॉकरमध्ये ठेवा'. एकाने बटर पेपर किटलीच्या वाफेवर धरून सोडवा म्हणून सांगितलं, त्यावर एका संग्रहालयातल्या बाई इतक्या भडकल्या की मेसेज तीन भागांत आला (त्यांचं बरोबरच होतं, असला ठिसूळ कागद ओला केला की बटर पेपरबरोबर पानही येतं हातात). मग दोन सरांची जुंपली. एक म्हणाले श्रीरामपूरला मिशनरी विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ ला छापलंय, मग पुण्यात १८१९ ला का नाही? दुसरे म्हणाले नगर जिल्ह्यात तेव्हा छापखाना कुठून आला. हे श्रीरामपूर बंगालमधलं, हे त्यांना पटवण्यात पंधरा-वीस मेसेज गेले, आणि माझा मूळ प्रश्न पार वर कुठेतरी.

तेवढ्यात कोणीतरी फोटो दुसरीकडे फॉरवर्डही केला होता, माझी खालची ओळ कापून. जेवणाच्या सुट्टीत एका पत्रकाराचा फोन, 'पुण्यातलं सगळ्यात जुनं छापील पुस्तक तुमच्याकडे सापडलं म्हणे'. मी म्हटलं सापडलं नाही, कपाटातच होतं, आणि जरा थांबा.

या सगळ्या गोंधळात सांगलीकडच्या एका निवृत्त मॅडमनी फक्त दोन ओळी टाकल्या. 'पानाची मागची बाजू दाखवा. आणि जुनं कार्ड बघितलंत का?' ग्रुपवर इतके लोक, पण आणखी पुरावा मागणाऱ्या ह्या एकट्याच.

मग मी पान उभं धरलं, त्या मुलीने पुढून मोबाईलचा टॉर्च लावला, आणि बटर पेपरमधून अक्षरं दिसायला लागली. सगळे हक्क 'सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणें' राखून ठेवल्याचं. संपलं! छापखाने आणि पुस्तकनोंदणीचा हा कायदा जुन्या मराठी पुस्तकांवर जागोजाग दिसतो, आणि १८१९ च्या पुस्तकाला १८६७ चा कायदा माहीत असणं शक्य नाही. कॉम्प्युटर आल्यापासून पुस्तकांच्या नोंदींची जुनी कार्डं पोत्यात भरून माळ्यावर टाकलेली, मामा शिडी लावून वर गेले आणि बऱ्याच वेळाने धुळीने माखून कार्ड घेऊन उतरले. सुंदर शाईतल्या अक्षरात 'श. १८१९', म्हणजे शके; पुस्तकावरचा तो शब्द भोकात गेलेला. म्हणजे जुन्या ग्रंथपालांनी नीट लिहिलेलं होतं, डेटा एंट्रीला दिलं तेव्हा बाहेरच्या ऑपरेटरने 'श.' सोडून नुसता आकडा टाकला. कार्डामागे पैसे मिळणाऱ्या माणसाकडून आणखी काय होणार, पण तपासून घ्यायचं कोणीतरी की नाही.

शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतचं असेल तर ७९. म्हणजे १८९७, फार तर ९८ ची सुरुवात. मुलगी पाच मिनिटं हिरमुसली. मग तिच्याच लक्षात आलं की १८९७ म्हणजे पुण्यातल्या प्लेगचं साल, रँडवर २२ जूनला गोळी झाडली गेली तेच. ती शेवटाकडून पानं उलटायला लागली आणि अगदी शेवटी बारीक टायपात गाठीच्या तापावरचे उपाय निघाले, मागाहून जोडल्यासारखे. तिला १८१९ पेक्षा हेच कामाचं होतं, बंद होईपर्यंत उठली नाही.

ग्रुपवर उत्तर टाकलं तर चार अंगठे आले. आधीच्या फोटोला शंभरेक असतील. पत्रकारालाही कळवलं, त्याने 'ओके मॅम' म्हणून विषय सोडला. तो कापलेला फोटो मात्र अजून फिरतोय, परवा माझ्याच नणंदेने मला पाठवला.

संध्याकाळी कोहामध्ये, म्हणजे आमच्या लायब्ररीच्या सॉफ्टवेअरमध्ये, रिपोर्ट लावला, पुणे आणि १८५० च्या आधीचं सगळं. बरीच रांग निघाली, बहुतेक सगळे शकच. तोच रिपोर्ट ग्रुपवर दिला तर दुसऱ्या एका लायब्ररीत १७९५ ची कादंबरी निघाली, आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण धरतो ती यमुनापर्यटन १८५७ ची! मग दुरुस्ती कशी करायची यावर वाद. सांगलीच्या मॅडमचंच ऐकलं शेवटी, पुस्तकावर मुळात होतं तसं 'शके १८१९' ठेवायचं, पुढे चौकोनी कंसात १८९७, आणि मशीन ज्यावरून शोधतं त्या ००८ नंबरच्या रकान्यात फक्त इसवी सन.

माळ्यावरची पोती आता खाली आलीत, कार्डं लावायला दोन विद्यार्थी मिळालेत, त्यांचं मानधन कुठल्या हेडखाली टाकायचं तेवढं ऑडिटरला विचारायचं राहिलंय.