कॉयरची सहल आणि फोटोबंदी

लेकीच्या कॉयरची, म्हणजे मुलांच्या गायनवृंदाची, लाइपझिगला एका दिवसाची सहल ठरली आणि घरी दोन पानी फॉर्म आला. डबा, पाण्याची बाटली, रेनकोट हे सगळं चार ओळींत उरकलेलं. बाकी सगळी जागा फोटोंना. मुलीचा फोटो कॉयरच्या वेबसाइटवर चालेल का? छापील पत्रकावर? वर्तमानपत्रात? फक्त पालकांमध्ये? प्रत्येकाला वेगळी चौकट, आणि शेवटी आई-बाबा दोघांच्या सह्या. खाली ठळक अक्षरांत सूचना: सोबत येणाऱ्या पालकांनी फक्त स्वतःच्या मुलाचे फोटो काढावेत, गाणं चालू असताना व्हिडिओ घेऊ नये.

व्हिडिओ घेऊ नये! मग मी रजा टाकून सोबत कशाला चाललेय?

नाशिकला इंदिरानगरात आई आठवडाभर सांगत फिरत होती, नात जर्मनीत गाणार म्हणून. आम्हा बाहेर राहणाऱ्यांसाठी फोटो म्हणजे घरी भरायचा हप्ता असतो. एखादा रविवार चुकला की लगेच फोन, ‘सगळं बरं आहे ना गं?’ त्यातून आम्ही फाळक्यांच्या मुलखातले. दादासाहेब जन्मले त्र्यंबकेश्वरला, गेले नाशिकमध्ये. त्यांनी 1913 च्या पहिल्या चित्रपटात स्वतःच्या मुलाला उभं केलं आणि 1919 साली लेक मंदाकिनीला कृष्ण करून कालियावर नाचवलं. त्या पोरीची सही कोणी घेतली होती? आणि काय वाईट झालं? अख्ख्या देशाने कौतुकच केलं ना!

हे सगळं मी ट्रेनमध्ये माझ्या जळगावच्या मैत्रिणीला ऐकवत होते. तिचा मुलगाही याच कॉयरमध्ये आहे. आमच्या हाल्लेहून लाइपझिग पाऊण तासाच्या आतच येतं, पण माझा राग तेवढ्यात संपणारा नव्हता. समोर कॉयरमधल्याच एका मुलीचे जर्मन बाबा बसले होते. ते पेशाने वकील. फॉर्मवर बोट ठेवून मी त्यांना विचारलं, हे काय नवीन खूळ? ते म्हणाले, नवीन कुठलं, हे बिस्मार्कपासूनचं आहे.

झालं असं की 1898 च्या जुलैमध्ये जर्मनीचा पहिला चान्सलर बिस्मार्क वारला, त्या रात्री दोन फोटोग्राफर खिडकीतून त्याच्या खोलीत शिरले आणि मृतदेहाचा फोटो काढून विकायला निघाले. घरच्यांनी कोर्ट गाठलं. प्रकरण 1899 मध्ये साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल घरच्यांच्या बाजूने लागला, पण आधार घेतला तो घरात घुसखोरी केल्याचा, कारण स्वतःच्या चेहऱ्यावर माणसाचा हक्क असतो असा कायदाच नव्हता. तो 1907 मध्ये झाला आणि अजून लागू आहे. 2018 पासून त्यावर युरोपचा डेटा संरक्षणाचा कायदा चढला. आणि ते न्यायालय होतं कुठे? लाइपझिगलाच. म्हणजे आम्ही थेट या नियमाच्या माहेरीच चाललो होतो.

गोष्ट आवडली, मान्य. पण बिस्मार्कचं प्रेत आणि चौथीतल्या पोरांचं गाणं यांत काही फरक आहे की नाही?

लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चबाहेर संगीतकार बाखचा मोठा पुतळा आहे. त्याच्या कोटाचा एक खिसा बाहेर काढलेला, रिकामा. मुलांना तोच सगळ्यात आवडला. बाख इथे 1723 पासून मरेपर्यंत, म्हणजे 27 वर्षं, मुलांना गाणं शिकवत होता, आणि तो ज्या कॉयरचा मास्तर होता तो 1212 पासून चालू आहे. शनिवारी दुपारी तीनला तो आत गातो. आम्ही ऐकला, सुंदरच आहे. पण त्यात फक्त मुलगे. माझ्या लेकीने विचारलं, ‘आम्हाला का नाही घेत?’ यासाठी मात्र कुठल्याच फॉर्मवर चौकट नव्हती. आमच्या शाळेच्या समूहगीतात पहिल्या रांगेत मुलीच असायच्या, हे मी तिला जरा मोठ्यानेच सांगितलं.

त्याआधी आमच्या पोरांनी पुतळ्यापाशी दोन गाणी म्हटली. दुसऱ्या गाण्यात एका पर्यटकाने फोन वर केला. कॉयरच्या बाईंनी एका हाताने ताल चालू ठेवला आणि दुसऱ्या हाताने त्याला खूण केली: खाली. तो ओशाळला, फोन खिशात गेला. मुलांचा सूर हलला नाही. आम्ही सगळे पालक हात बांधून उभे. मुलं आमच्याकडे बघत होती, कारण आमचे चेहरे दिसत होते. नाशिकच्या कालिदास कलामंदिरात शाळेचं गॅदरिंग असलं की मागच्यांना रंगमंच दिसतो तो पुढच्याच्या मोबाइलमध्ये, आणि त्या व्हिडिओत नाचणारी चाळीस पोरं शाळेच्या नावासकट कुठल्या कुठल्या ग्रुपवर जातात. ते मला तेव्हाही खटकायचं. पण तो पुढचा माणूसही शेवटी गावच्या आजीसाठीच शूटिंग करत असतो, हे या कायदेवाल्यांना कोण सांगणार?

मी लेकीचा एकटीचा फोटो काढला, रिकाम्या खिशाखाली. आईने उलट विचारलं, ‘बाकीची मुलं कुठायत? हिला एकटीलाच उभं केलं का? भांडण झालं का?’ मग जळगावकरणीला विचारून तिच्या मुलासोबतचा फोटो पाठवला. त्यात मागे आलेल्या तिघांच्या तोंडांवर मी पिवळे हसरे चेहरे चिकटवले. आईचा मेसेज आला, ‘तिकडे अजून कोरोना आहे का?’

शेवटी म्हटलं, व्हिडिओ कॉलवर गाणंच ऐकव आजीला. आता आपलं समूहगान म्हणजे सगळे एका सुरात, पेटी-तबल्यावर. इथे तीन आवाज, तिन्ही वेगळे. लेकीचा आवाज खालचा. त्याची गंमत वरचा सोबत असला तरच कळते. एकटीने म्हटलं की ते गाणं असं वाटतच नाही, एकाच पायरीवर थांबून कोणीतरी हुंकार भरतंय असं वाटतं. आईने शेवटपर्यंत ऐकलं आणि मला हळूच म्हणाली, ‘हिला सूर लागत नाही का गं?’

लेकीने ते ऐकलं. आता तिलाच पूर्ण गाणं आजीला पाठवायचंय, तिन्ही आवाजांचं. वकीलबाबा म्हणतात, आवाजालाही परवानगी लागते. वरचा आवाज जळगावचा आहे, तिथली सही चहावर मिळेल. मधला आवाज वकिलांच्याच घरातला आहे.