पदवीनुसार पहिला पगार: तक्ता वाचायचा कसा

कुठल्या पदवीला सुरुवातीला किती पगार मिळतो, याचे तक्ते दरवर्षी फिरतात. नजर थेट सर्वांत मोठ्या आकड्यावर जाते. ती आधी तळटिपेवर जायला हवी. आकडा किती जणांचा आहे, त्यांना पदवीनंतर किती महिन्यांनी विचारलं आणि उत्तर कुणी दिलं, हे कळेपर्यंत दोन पदव्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

छेदापासून, म्हणजे कितीने भागलं यापासून सुरुवात करू. एका शाखेत ६० विद्यार्थी आहेत असं धरा. त्यातल्या ४२ जणांनी प्लेसमेंटसाठी नाव नोंदवलं, ३० जणांना नोकरी लागली आणि २४ जणांनी पगार कळवला. माहितीपत्रकात छापून येईल 'प्लेसमेंट ७१ टक्के', कारण ३० ला ४२ ने भागलं. वर्गाच्या हिशेबाने ते ५० टक्केच आहे. आणि शेजारी छापलेला पगार २४ जणांचा, म्हणजे वर्गातल्या ४० टक्क्यांचा. यात खोटं काहीच नाही. फक्त प्रत्येक आकड्याचा छेद वेगळा आहे आणि तो कुठे लिहिलेला नाही. पगार न कळवलेल्या सहा जणांचे पगार त्या चोवीस जणांसारखेच असतील, असंही धरून चालू नका. चांगला पगार मिळालेला माणूस तो आनंदाने सांगतो.

ही गळती सगळ्या शाखांत सारखी नसते, आणि तुलना बिघडते ती इथेच. भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, मानसशास्त्र यांसारख्या विषयांतले बरेच विद्यार्थी पुढच्या शिक्षणाला जातात. पदवीनंतर लगेच नोकरी धरणाऱ्यांचा पगार हा तिथे मागे उरलेल्या गटाचा पगार असतो, त्या विषयाची किंमत नव्हे. वैद्यकशास्त्रात तर पहिली काही वर्षं प्रशिक्षणातच जातात. अमेरिकेत वैद्यकीय पदवीनंतरची रेसिडेन्सी साधारण ३ ते ७ वर्षांची असते. त्या काळातलं मानधन आणि संगणक अभियंत्याचा पहिला पगार एकाच रकान्यात मांडले, तर डॉक्टरकी तोट्याची दिसेल.

किती महिन्यांनी विचारलं यानेही चित्र पालटतं. ब्रिटनमध्ये पूर्वी पदवीनंतर साधारण ६ महिन्यांनी पाहणी व्हायची. २०१७-१८ च्या पदवीधरांपासून ती सुमारे १५ महिन्यांनी होऊ लागली. सहा महिन्यांत अनेकजण हाताला लागलं ते काम करत असतात, म्हणून जुने आणि नवे आकडे एका रेषेत जोडू नयेत. तिथेच करनोंदींवरून काढलेले, पदवीनंतर १, ३, ५ आणि १० वर्षांचे आकडेही मिळतात. त्यात माणसांच्या आठवणीवर भिस्त नसते, पण करनोंदीत कामाचे तास नसतात. त्यामुळे अर्धवेळ काम करणारा आणि पूर्णवेळ काम करणारा शेजारी शेजारी मोजले जातात. अमेरिकेच्या कॉलेज स्कोअरकार्ड या कॉलेजांची माहिती देणाऱ्या सरकारी संकेतस्थळावरची कमाई केंद्र सरकारची आर्थिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांपुरती असते. आणि तिथल्या नेस या कॉलेजं व कंपन्यांच्या संघटनेच्या पगार-पाहणीचे हिवाळी अंकातले आकडे म्हणजे कंपन्यांनी सांगितलेला अंदाज असतो, कुणाच्या खात्यात जमा झालेला पगार नव्हे. हे सगळे स्रोत कामाचे आहेत, मात्र ते एकमेकांत मिसळू नयेत.

आता सरासरी. २० जणांपैकी १८ जणांना ४० आणि दोघांना २०० मिळाले, तर सरासरी येते ५६. वर्गात ५६ पगाराचा एकही माणूस नाही. सगळ्यांना पगाराच्या क्रमाने उभं केलं तर मधोमध येणारा, म्हणजे मध्यक, ४० आहे. पण मध्यकावरही डोळे झाकून विसंबू नका. अमेरिकेतल्या नव्या वकिलांचे पगार नॅल्प ही संस्था गोळा करते. २००० सालच्या तुकडीपासून त्यांच्या आलेखाला दोन उंचवटे दिसतात: मोठ्या फर्ममध्ये गेलेल्यांचा एक, बाकीच्यांचा दुसरा. सरासरी मधल्या दरीत पडते, जिथे फार थोडी माणसं आहेत, आणि उंचवटे दोन आहेत हे एकट्या मध्यकावरून कळत नाही. अशा शाखेत विचारायचं ते एवढंच, की खालच्या चौथाईतल्या विद्यार्थ्यांना काय मिळालं. माझ्या मते प्रवेश घेणाऱ्याने कुठल्याही शाखेबद्दल सगळ्यांत आधी हाच आकडा मागावा. आपण वरच्या उंचवट्यावरच उतरू, याची हमी कुणी देत नाही.

जाहीर 'पॅकेज' फोडून पाहणं हेही कामाचं. पॅकेज १०० आहे असं समजा. त्यात ५५ पक्का पगार, १० कामगिरीवर अवलंबून, ५ विमा आणि निवृत्तीसाठीचा कंपनीचा वाटा, १० एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस आणि २० चे शेअर. हे शेअर बहुधा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतात, आणि पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी नोकरी सोडली तर बहुतेक ठिकाणी काहीच हाती लागत नाही. चारही वर्षांचे शेअर पहिल्याच वर्षात मोजले असतील, तर वर्षाला धरायचे ते फक्त ५. जॉइनिंग बोनस लवकर नोकरी सोडल्यास परत करावा लागतो का, ते ऑफर लेटरमध्ये पाहावं. पक्का भरवसा ५५ वरच ठेवायचा, आणि कर व कपाती त्यातूनच जाणार. दुसरीकडे ६० चं साधं पॅकेज असेल आणि त्यातले ५६ पक्का पगार असतील, तर दर महिन्याला हातात तेच जास्त देईल. तासांचाही हिशेब करा. आठवड्याला ४० तासांचे १०० आणि ५८ तासांचे १३० यांत दर तासाला पहिली नोकरीच जास्त देते: २.५ विरुद्ध सुमारे २.२४.

अभ्यासक्रमाची लांबी तर बहुतेक तक्त्यांत नसतेच. तीन वर्षांच्या पदवीनंतर ५० आणि पाच वर्षांच्या पदवीनंतर ६५, असं दिसलं की १५ चा फरक वाटतो. पण पाच वर्षंवाला बाहेर पडतो तेव्हा तीन वर्षंवाल्याची दोन वर्षं नोकरी झालेली असते. वर्षाला ६ टक्के वाढ धरली तर तो ५६ वर पोहोचलेला असतो. खरा फरक ९ चा. शिवाय त्या दोन वर्षांत त्याने ५० आणि ५३ मिळून १०३ कमावले. फरक तेवढाच राहिला, तर नुसती ही कमाई भरून काढायला साडेअकरा वर्षं लागतील. दोन वर्षांची जादा फी त्याहून वेगळी. फरक वाढत गेला तर हा काळ कमी होईल, म्हणून पाचव्या आणि दहाव्या वर्षाचे पगार मिळतील तिथे जरूर मिळवा.

कारण पहिल्या पगारावरून पुढची चाल कळत नाही. डेमिंग आणि नोरे या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दाखवलं, की अमेरिकेत अभियांत्रिकी, संगणक अशा उपयोजित विषयांच्या पदवीधरांना मिळणारी जादा कमाई सुरुवातीला सर्वांत मोठी असते आणि पहिल्या दशकात निम्म्याहून अधिक घटते. या कामांतली कौशल्यं झपाट्याने जुनी होतात, म्हणून. ती शाखा वाईट ठरत नाही, पण सतत नवं शिकत राहण्याचा खर्च त्या पहिल्या पगारात दिसत नाही.

मग जास्त पगार विषयामुळे की विद्यार्थीच हुशार होते म्हणून? यावर सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला एक दाखला नेमका आहे. तिथे अर्थशास्त्र मुख्य विषय घेण्यासाठी सुरुवातीच्या अभ्यासक्रमांत ४ पैकी २.८ गुणांकाची अट होती. अटीच्या जरा वर आणि जरा खाली असलेल्या, म्हणजे जवळपास सारख्याच विद्यार्थ्यांची तुलना केली, तेव्हा अर्थशास्त्रामुळे सुरुवातीच्या वर्षांतली कमाई सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेली आढळली. यातला साधारण अर्धा वाटा ते विद्यार्थी कुठल्या उद्योगात गेले याचा होता. म्हणून पदवीच्या नावाशेजारी कामाचा आणि उद्योगाचा रकाना हवाच.

आणि बाहेर पडण्याचं वर्ष तपासा. अर्थशास्त्रज्ञ लिसा कान यांनी १९७९ ते १९८९ मधले अमेरिकी पदवीधर पाहिले. बेरोजगारीचा दर एक टक्क्याने जास्त असेल तर सुरुवातीचा पगार ६ ते ७ टक्के कमी निघाला, आणि १५ वर्षांनंतरही सुमारे अडीच टक्क्यांची तूट शिल्लक होती. मंदीत निघालेल्या एका शाखेची तुकडी आणि तेजीत निघालेली दुसरीची तुकडी समोरासमोर ठेवू नका. दोन्ही शाखांचे त्याच तीन वर्षांचे आकडे मागा, आणि सोबत प्रत्येक वर्षी वर्गात किती होते, पगार कितींनी कळवला, खालच्या चौथाईची मर्यादा काय होती, हेही लेखी घ्या.