मुनीम आणि आयऑक्टल

लातूरच्या डाळमिलमध्ये कलर सॉर्टर सुरू असला की तूरडाळ धारेनं खाली सुटते, कॅमेरा काळा दाणा हेरतो आणि हवेचा फटका त्याला बाजूला उडवतो. त्यामागचा प्रोग्राम सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम. मेमरीतल्या भानगडी शोधायला मी व्हॅलग्राइंड लावतो. 2002 मध्ये जूलियन सीवर्ड यांनी ते बाहेर आणलं, तेव्हापासून सी भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा त्याच्यावर भरवसा. ते लावलं की प्रोग्राम मात्र 10 ते 30 पट रेंगाळतो. चालू मिलवर लावायची सोयच नाही. तोवर काळा दाणा पोत्यात जाऊन बसतो.

व्हॅलग्राइंडचा स्वभाव मोंढ्यातल्या जुन्या मुनीमाचा. डोळ्यांदेखत आलेलं पोतंच वहीत चढणार, तसं डोळ्यांदेखत लिहिलेली मेमरीच तो भरलेली धरणार. पण कॅमेऱ्याचं चित्र मेमरीत टाकतो कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, कॅमेरा कार्डाचा ड्रायव्हर, आणि तिथं याची नजर पोचत नाही. प्रोग्राम कर्नलकडं काम मागतो तो कॉल; रीड, राइटसारख्या ठरलेल्या कॉलची रीत त्याला पाठ आहे. आयऑक्टल हा ड्रायव्हरला खास हुकूम देणारा कॉल, म्हणजे ज्याचा त्याचा कारभार. तरी लिनक्सवर त्या हुकुमाच्या 32 बिटांच्या आकड्यातच बहुधा 2 बिट दिशेचे (माहिती ड्रायव्हरकडं जाते की तिकडून येते) आणि 14 बिट त्या माहितीच्या आकाराचे असतात, त्यावर तो अनोळखी कॉलचाही अंदाज बांधतो. आमच्या कार्डवाल्यांनी तिथं शून्यं ठेवलेली! मग आधी एक इशारा, आणि मागून ‘न भरलेल्या मेमरीतल्या किमतीवर निर्णय घेतला’ अशा तक्रारींची रांग.

मिलचा ऑपरेटर माझ्या चाचणीच्या स्क्रीनकडं बघून म्हणाला, “साहेब, मिलवर डाळ तर साफ पडायलीय की. मग हे कशाला ओरडायलंय?”

व्हॅलग्राइंडला गप्प करणं सोपं आहे. बरेच जण बफर, म्हणजे चित्रासाठी राखलेली मेमरी, आधीच शून्यांनी भरून ठेवतात. मला ते पटत नाही. ड्रायव्हरनं अर्धंच चित्र दिलं तर तेही झाकलं जातं. व्हॅलग्राइंडमध्ये लॅक्स-आयऑक्टल्स नावाची सवलत आहे, पण ती आकार बरोबर आहे असं धरून चालते. इथं आकारच नाही. आणि आकार असता तरी तो स्ट्रक्चरचा, म्हणजे कॉलसोबत दिलेल्या माहितीच्या गठ्ठ्याचा. त्याच्या आतल्या पॉइंटरनं, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यानं, दाखवलेला बफर वेगळाच.

व्हॅलग्राइंडमध्ये त्या कॉलचं रॅपर, म्हणजे त्याची रीत शिकवणारा कोड, लिहिणं हा सरळ रस्ता. मी जवळची वाट धरली: कॉल परत आला की ड्रायव्हर जितके बाइट भरले म्हणून सांगतो, तेवढेच भरलेले धर, असं प्रोग्राममधूनच त्याला कळवायचं. तक्रारींची रांग ओसरली. एक मात्र हटेना. ती खरी निघाली: कार्ड अधूनमधून चित्राची शेवटची ओळ देतच नव्हतं.